माझी जागा एकाच दातावर

मी दिपकच्या समोरच्या दाताचा विनियर बोलतोय, म्हणजे दातावर वरून चिकटवतात ते कवच. नखाएवढा आहे आणि नखाइतकाच पातळ. चहाचा कप ज्या मातीचा असतो, तसल्याच पण फार बारीक मातीचा. आत्ता मी औषधाच्या एका छोट्या डबीत कापसावर पडलोय. डबी नयनच्या शर्टाच्या खिशात आहे आणि नयन दिपकचीच मोटरसायकल घेऊन वरोरहून तलासरीला निघालाय.

नयन दिपकचा धाकटा भाऊ. झाईच्या किनाऱ्याला एक मेलेला माणूस लागलाय, पाण्यात बरेच दिवस राहिलेला. तो दिपक आहे की नाही, ते चेहऱ्यावरून कुणालाच सांगता येत नाही. काल बाबा बघून आले आणि नाही म्हणाले. नयन तर हवालदाराच्या अंगावर धावून गेला, माझ्या भावाला मी ओळखत नाही का म्हणाला. मग तलासरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, भावानं दाताचं काही काम करून घेतलं होतं का?  दाताचं कवच निघालेलं, ते घरी आहे, असं नयननं सांगितलं.

"घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "ते दुसऱ्या कुणाच्या दातावर बसत नाही."

म्हणून मी निघालोय.

निघताना आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "नाही बसला तर लगेच फोन कर. बसला तर..." नयननं गाडीला किक मारली.

माझा जन्म दिपकच्या लाजेतून झाला. लहानपणी होडीच्या काठावर आपटून त्याचा दात तिरका तुटला होता. तेव्हापासून तो ओठ मिटून हसायचा. गावातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत तो भांडून आल्यासारखा दिसतो. पुढे त्याचं स्वतःचंच लग्न ठरायची बोलणी निघाली, डहाणूच्या जयश्रीशी, तेव्हा तो कुणाला न सांगता दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. दोन हजार सोळाची गोष्ट ही.

बाईंनी त्याच्या तोंडात गुलाबी लगदा दाबून दाताचा साचा घेतला. त्याला उलटी येता येता राहिली. मग रंग निवडायची वेळ आली. दिपकला एकदम पांढराशुभ्र हवा होता. बाई म्हणाल्या, मग शेजारचे दात त्याला हसतील. मी जरासा पिवळट झालो, दिवसातून पाच वेळा चहा पिणाऱ्या माणसाला शोभेल असा. दात समोरून थोडा घासला गेला, पांढरी गोंदासारखी लुकण लागली, निळा उजेड पडला आणि मी त्याला चिकटलो. त्या क्षणापासून तो दात म्हणजे माझं घर.

बाईंनी बजावून सांगितलं. मऊ ब्रश वापरायचा. मिश्री नाही, दात पांढरे करायची खरखरीत पावडर नाही. बर्फ चावायचा नाही. चिंबोरीची नांगी समोरच्या दातानं फोडायची नाही. बाटलीचं झाकण तर नाहीच नाही. दोन दातांच्या फटीत रेशमासारखा दोरा रोज फिरवायचा. आणि शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही काय काम करता?

जाळी शिवतो आणि समुद्रावर जातो, दिपक म्हणाला. बाईंनी चष्मा वर केला.

"दोरा दातानं तोडता का?"

वरोरमध्ये हा प्रश्न विचारायचाच नसतो. जाळं शिवणारा प्रत्येक माणूस दोरा दातानंच तोडतो. एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या चिमटीत गाठ. गाठ सोडली की सैल पडते. मग तिसरा हात कुठून आणायचा? मान खाली येते, कट् असा आवाज होतो, सुई जाळ्याच्या पुढच्या घराला लागते. तिथली पोरं असंच बघत मोठी होतात.

दिपकनं दुसऱ्याच दिवशी एक लहान कात्री दोरीत ओवून गळ्यात घातली. किनाऱ्यावर त्याची फार थट्टा झाली. होडीवरचा लडक्या म्हणाला, दिपकशेठनं शिंप्याचं दुकान टाकलं. सगळ्यात जास्त बाबा बोलायचे. बाबांचा, म्हणजे देवजी वरोरकरांचा हात असा की बोलता बोलता जाळ्याचं भोक भरून निघायचं.

"जाळं शिवतोस का चोळी शिवतोस?" ते म्हणायचे. दिपक हसायचा, आणि तेव्हा त्याचे दात दिसायचे. मी दिसायचो. एवढ्यासाठी मी काहीही सोसलं असतं.

पण भीती कधी गेली नाही. माणसाच्या सवयी मी आतून पाहिल्यात. मन नाही म्हणतं, मान तरी खाली येते. कितीदा तरी तो नायलॉनचा दोरा माझ्या काठाला लागला, खारट, पाण्यात भिजलेला, तारेसारखा ताणलेला. दरवेळी दिपक थबकायचा. जीभ मला चाचपून जायची, आहेस ना रे, असं विचारल्यासारखी. मग तो कात्री शोधायचा.

घरात माझी सगळ्यांना ओळख झाली होती. बोंबील तळले की आई काटे काढून त्याच्या ताटात वाढायची आणि नयन म्हणायचा, मलाही एक खोटा दात बसवा, म्हणजे मलाही भरवाल. दातांत फिरवायचा दोरा संपला तेव्हा नयननंच जाळ्याचा दोरा कापून आणला, हाच घे, दोरा तो दोरा. त्याचं सगळं असंच, आधी हात आणि मग डोकं. हिरडी कापून निघेल रे, म्हणत दिपकनं त्याच्या डोक्यात टपली मारली. जयश्रीला दिपकनं माझ्याबद्दल आधीच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, मी काय दात मोजून हो म्हटलं का? लग्न दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर धरलं.

दोन हजार अठराचा ऑगस्ट. मासेमारीची बंदी उठली होती आणि होड्या निघत होत्या. दिपकच्या होडीचं जाळं अजून फाटकंच होतं. भरती चढत होती, बाबा होडीवरून हाका मारत होते, चार माणसं थांबली होती. कात्री जाळ्यात कुठेतरी अडकून बसली होती. दिपकच्या चिमटीत गाठ होती. त्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं.

मान खाली आली.

दोरा तुटला आणि त्याच झटक्यात मीही सुटलो. फुटलो नाही, अख्खा निघालो. दिपकनं मला तळहातावर घेतलं, गोड्या पाण्यानं धुतलं आणि आईकडून रिकामी डबी मागून घेतली. नयन फेविक्विक घेऊन धावत आला, आत्ता चिकटवून देतो म्हणाला. दिपकनं ती नळी त्याच्या हातातून काढून घेतली.

"असं चिकटवायचं नसतं. दात सडतो आतून. परत आलो की बाईंकडे जातो. तू राहिलेलं दुसरं जाळं पुरं कर."

मी डबीत राहिलो, नयन जाळ्यापाशी राहिला आणि दिपक गेला. खाडीच्या तोंडाशी लाटेनं होडी आडवी केली. बाकीचे पोहत आले. बाबाही आले. त्यानंतर बाबांनी जाळ्याला हात लावलेला नाही.

नयन रोज डबी उघडून मला बघतो. कुणी दिपकचं नाव काढून 'होता' म्हटलं की भांडायला उठतो. 'आहे' म्हणा, म्हणतो. दात बसवायला तो येणारच आहे, एवढंच तो धरून बसलाय.

कोसबाडचा चढ गेला. गाडी खड्ड्यात आपटते तशी डबी खुळखुळते आणि नयन एका हातानं खिसा दाबून धरतो. आता तलासरी आली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत फिनेलचा वास आहे. डॉक्टर हातमोजे घालतात. नयन डबी पुढे करतो, पण सोडत नाही. डॉक्टर थांबून राहतात. शेवटी बोटं सैल होतात.

मी एकाच गोष्टीसाठी घडलो होतो, त्या दातावर बसण्यासाठी. निसटल्यापासून दुसरं काही मागितलं नाही. आणि आत्ता, चिमट्यात वर उचललं जात असताना, मी जीव तोडून मागतोय की मी बसू नये. दात दुसऱ्याचा असू दे. माझा काठ अडू दे, फट राहू दे. नयनला फोन करता येऊ दे.

डॉक्टरांनी मला जरा फिरवलं आणि टेकवलं.

डाव्या कोपऱ्याला तो तिरका उतार होता. होडीच्या काठानं पाडलेला. मी तो अंधारातही ओळखला असता. कुठेच फट राहिली नाही.

नयन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"बसला?"

डॉक्टरांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  तो तिथेच फरशीवर बसला. खिशातला फोन वाजत राहिला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी माझा फोटो काढून घेतला आणि मला परत डबीत ठेवायला चिमटा उचलला. नयन उठला. त्यानं त्यांचा हात धरला, पण या वेळी हळू.

"काढू नका. त्याचाच आहे."

"लुकण नाही लावलेली. राहायचा नाही तो."

"राहू द्या तरी."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला.

आता बाहेर गाडी लागलीय. गावची माणसं आलीत, बाबा आलेत, लडक्याही आलाय. सगळ्यांचे हात जोरकस आहेत, ओल्या जाळ्याचा भार ओढणारे. त्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दोन वर्षं मला लुकणीनं धरून ठेवलं होतं आणि दिपकनं जपलं होतं. आज मला धरून ठेवणारं काही नाही, मी नुसता टेकून आहे. त्याला उचलाल तेव्हा मान सांभाळा. जरा हळू उचला.