चार वाजता तापणारी भिंत

मी एक जुना व्होल्टमीटर आहे, मित्रांनो. काळी पेटी, वर काच आणि काचेखाली केसाएवढा बारीक काटा. कारखान्यातल्या एका बाईने श्वास रोखून तो काटा शून्यावर बसवला, तेव्हापासून विजेचा दाब सांगणं हेच माझं काम. माझे मालक वायरमन होते. सगळे त्यांना काका म्हणत, आणि मी दाखवलेल्या आकड्यावर त्यांचा डोळे मिटून विश्वास असे.

एका दुपारी ते मला दोन म्हाताऱ्या बहिणींच्या घरी घेऊन गेले. घर लांबट होतं. पुढे विजेचा बोर्ड आणि पार मागे त्यांच्या आईची बिनखिडकीची खोली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

"रोज चारला त्या खोलीतला दिवा मंदावतो," धाकटी म्हणाली. "ताई म्हणते, आई येते."

"येतेच," थोरली शांतपणे म्हणाली. "भिंतीला गाल लावून बघा. तिच्या अंगासारखी ऊब असते."

काकांनी मला बोर्डावर जोडलं. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. मागच्या खोलीतही जवळपास तेवढेच. भिंत गार होती. धाकटी आपल्या कामाला निघून गेली. थोरली पलंगावर, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

चार वाजले. खोलीत कोणी हललं नाही, कोणी बटणाला हात लावला नाही. तरीही माझा काटा एकदम खाली आला आणि मग हळूहळू, कुणीतरी बोटाने ओढावा तसा, दोनशे अकरापर्यंत सरकत गेला. दिवा पिवळट झाला.

"आलीस?" थोरलीने भिंतीला विचारलं.

काकांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. काटा तिथेच राहिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बादली सरकल्याचा आवाज आला. "तिकडे काय लावलंय?" काकांनी ओरडून विचारलं.

"गिझर! रोज चारला गुडघे शेकायला गरम पाणी लागतं मला," पलीकडच्या न्हाणीघरातून धाकटी म्हणाली.

काका मला घेऊन धावत बोर्डापाशी गेले. तिथे अजून दोनशे अठ्ठावीसच होते. त्यांनी खिशातला कागद काढला. बोर्डापासून मागे दिव्याला आणि गिझरला जाणारी वायर पस्तीस मीटर, जाऊन-येऊन सत्तर. तिचा एकूण रोध अर्धा ओहम. गिझरचा प्रवाह दहा अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला.

"पाच व्होल्ट पडायला हवेत," ते पुटपुटले. "पडलेत सतरा. वरचे बारा कुठे गेले?"

बारा गुणिले दहा, एकशेवीस वॅट. म्हणजे भिंतीच्या पोटात एखाद्या मोठ्या बल्बाइतकी आच धुमसत होती, आणि ती कुणी लावलेली नव्हती.

काकांनी लगेच मेन स्विच पाडला. टॉर्च, छिन्नी आणि हातोडी घेऊन ते मागे आले, तर थोरली भिंतीला पाठ लावून उभी.

"फोडू नका हो. माझं दुसरं काय आहे?"

"ताई, आज ना उद्या ही भिंत पेटेल. तुम्ही इथेच झोपता ना?"

तिने वळून भिंतीला एकदा गाल लावला. मग बाजूला झाली.

गिलावा निघाला. आत वायरीचा एक ढिला जोड होता. त्यावरचं आवरण जळून राख झालं होतं, आणि मागच्या लाकडी पट्टीचा तळहाताएवढा भाग कोळसा झाला होता. थोरलीने त्यावर हात ठेवला. तो तिथे बरोबर मावला.

"मग तीन वर्षं मी बोलत कोणाशी होते?"

दारात धाकटी ओल्या पायांनी उभी होती. "पलीकडे मीच असायचे गं," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू यायचं."

थोरलीने पलंगावर थोडी जागा करून दिली.

पुढे आकडे दाखवणारे नवे मीटर आले आणि मी कपाटात गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो: घरातला दिवा रोज मंदावत असेल तर त्याची सवय करून घेऊ नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि घरात कोणी एकटंच बोलत बसलेलं ऐकू आलं, तर पलीकडे थांबू नका.