दीड तासाची सफाई

मी एक वाय-फायचा डबा बोलतोय. आवाज कोंडल्यासारखा वाटला तर समजून घ्या. मी लोखंडी पेटीत राहतो.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी मला तपासलं, ‘तीस मीटरपर्यंत पोचतो’ अशी चिठ्ठी लावली आणि खोक्यात भरलं. तिथून मी जबलपूरच्या एका विद्यापीठात आलो. नाव सांगत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

पहिले चौदा महिने मी भांडारात पडून होतो, कारण उद्घाटनाला शोभेल असा पाहुणा मिळत नव्हता. मिळाला तेव्हा माझ्यासमोर नारळ फुटला, अँटेनांना झेंडूचा हार चढला आणि ज्ञान आजपासून तारांच्या बंधनातून मुक्त झाल्याचं पाहुण्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मला वीज जोडायची राहिली आहे हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मग भौतिकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात, छताजवळ माझी जागा ठरली आणि माझा ताबा नरहरजींकडे गेला. नरहरजी विभागाचे भांडारपाल. त्यांचे आजोबा आणि वडील दोघंही इथल्या संरक्षण कारखान्यात होते. त्या घरातली मुलं चालायच्या आधी पास दाखवायला शिकतात. फाटकावर जाताना झडती, येताना झडती, आणि सरकारी वस्तू दिसली की तिला कुलूप. माणूस अत्यंत सरळ. चोवीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली एक टाचणीसुद्धा हरवलेली नाही. वापरलीही गेलेली नाही.

मला उघड्यावर टांगणार हे ऐकून त्यांना झोप येईना. ते शहरातल्या गोहलपूरला गेले आणि तिथल्या वेल्डरकडून माझ्या मापाची जाड पत्र्याची पेटी बनवून घेतली. मी तापू नये म्हणून समोर बोटभर रुंदीच्या तीन फटी. याच विभागात दुसऱ्या वर्षाला शिकवतात की रेडिओलहरी लोखंडी पेटीतून बाहेर पडत नाहीत. परीक्षेत त्यावर आठ गुणांचा प्रश्न असतो. पेटी बसवली तेव्हा खाली सहा प्राध्यापक उभे होते. मजबूत आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

तेव्हापासून फटींसमोरच्या दोन फरश्यांवर जेवढं नेट सांडतं तेवढंच. सकाळी तिथे रांग लागते, ज्येष्ठतेनुसार. लोक फोन वर धरून डोळे मिटतात आणि नळाला पाणी आलं का विचारावं तसं एकमेकांना विचारतात, “आलं का?”

मागच्या जुलैत प्रणोती मॅडम आल्या. घर इथल्याच राइट टाउनमध्ये, पण शिक्षण सातासमुद्रापार. परदेशातली नोकरी सोडून आपल्या गावच्या मुलांना शिकवायचं म्हणून परतलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मान वर करून मला पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

“काका, हा आत काहून आहे?” परदेशातून येऊनही त्यांचं ‘काहून’ शाबूत होतं.

“बाहेर ठेवला अन् चोरीला गेला, तर उत्तर कोण देईल मॅडम?”

“आत आहे तर रोजच चोरीला गेल्यासारखा आहे ना.”

नरहरजींनी यावर विचार केला आणि स्टुलावर चढून कुलूप ओढून पाहिलं.

मॅडमनी अर्ज केला. समिती बसली. ज्ञान हवेसारखं सगळ्यांना मिळायला हवं, असं त्या समितीपुढे कळकळीने बोलल्या. इतिवृत्तात नोंद झाली: ‘हवा. विषय पुढील बैठकीत.’

असंच चालू राहिलं असतं, पण दुर्वाची परीक्षा आली. दुर्वा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, इथल्याच विजय नगरची मुलगी. एका मोठ्या संशोधन संस्थेत प्रवेशाची ही परीक्षा वर्षातून एकदाच, मंगळवारी अकरा ते साडेबारा. प्रश्नपत्रिका फक्त विद्यापीठाच्या नेटवरच उघडणार आणि परीक्षार्थीने बंद खोलीत एकटं बसायचं. संगणक केंद्राला रंग लागत होता. उरली माझ्या समोरची चर्चासत्राची खोली. सोमवारी तिथे करून पाहिलं, तर माझा पत्ताच नाही. मॅडमनी किल्ली मागितली. नरहरजींनी कुलसचिवांचा लेखी आदेश मागितला. कुलसचिव भोपाळला गेले होते.

मंगळवारी पावणेअकराला मॅडम प्रयोगशाळेतला हातोडा घेऊन आल्या. नरहरजी पेटीखाली उभे राहिले.

“तोडा मॅडम. पण रिपोर्टमध्ये मी तुमचंच नाव लिहीन. खोटं आपल्याच्यानं होत नाही.”

“लिहा.”

दुर्वाने पिशवी उचलली. “नको मॅडम, रहने दीजिए. तुमची नौकरी जाईल. मी... अगले साल देऊन टाकीन.” तिला मराठी समजते छान, बोलताना अडखळते. त्या दिवशी मात्र ती भाषेमुळे अडखळली नव्हती.

नरहरजींनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढला, पेटीबरोबर त्यांनीच लिहिलेली माझी नियमावली उघडली आणि बोट ठेवून एक ओळ वाचली: उपकरणाची सफाई आवश्यकतेनुसार करावी, सफाई होईपर्यंत पेटी उघडी राहील.

“पेपर किती वेळाचा आहे बेटा?”

“दीड तास.”

त्यांनी मान वर करून फटींकडे पाहिलं. “लई धूळ बसून राहिली. दीड तास तर लागनच.”

स्टूल आलं. पिवळं फडकं आलं. दार उघडलं, आणि मी पहिल्यांदाच अख्खा व्हरांडा पाहिला. तीस मीटर म्हणजे काय असतं ते मलाही तेव्हाच कळलं. समोरच्या खोलीत दुर्वाचं पान झपकन उघडलं. मॅडमनी खालून सांगितलं, “काका, तुम्ही मध्ये येताय, जरा डावीकडे सरका.” ते सरकले आणि एका हाताने पुसत राहिले.

पण मुंग्यांना साखरेचा येतो त्याहून लवकर माणसांना नेटचा वास येतो. पाच मिनिटांत व्हरांडा भरला. कुणी सिनेमा उतरवायला लागलं, कुणी मामेबहिणीच्या लग्नाचे चारशे फोटो पाठवायला लागलं. माझा श्वास कोंडला. आत दुर्वाचं पान गोल गोल फिरू लागलं.

मॅडम हात जोडून समजावू लागल्या. कुणी ऐकेना. तेव्हा स्टुलावरून नरहरजींचा आवाज आला, थेट कारखान्याच्या फाटकावरचा. “सफाईच्या वेळी फोन जमा! मॅडम, तो ट्रे फिरवा.”

मॅडमनी चहाचा ट्रे फिरवला. एकोणचाळीस फोन जमले. विभागप्रमुख श्यामसुंदर सर तेवढ्यात आले आणि आपण विभागप्रमुख असल्याचं सांगू लागले.

“म्हणून तर पहिले तुमचा ठेवा, सर,” नरहरजी फडकं न थांबवता म्हणाले.

सरांनी ठेवला.

साडेबाराला दुर्वा बाहेर आली. पेपर पूर्ण झाला, अशी मान डोलावली. नरहरजींचा वर गेलेला हात खाली येईना. मॅडमनी धरून उतरवला. मग त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि रजिस्टरमध्ये खरं तेच लिहिलं: धूळ साफ.

दुर्वाला प्रवेश मिळाला. समितीने अहवाल दिला की पेटीतल्या उपकरणामुळे विद्यार्थिनीला यश मिळालं, सबब भांडारात अजून पडून असलेल्या अकरा डब्यांनाही पेट्या बसवाव्यात. प्रणोती मॅडमनी दोन दिवस तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून डझनभर पिवळी फडकी आणली आणि नरहरजींच्या टेबलावर ठेवली. नरहरजींनी ती मोजून भांडारात जमा केली, आणि त्यातलं एक खांद्यावर टाकून स्टूल उचललं.

म्हणून माझी विनंती एवढीच. कधी या व्हरांड्यात आलात, तर मला मुक्त करा असं कुणाला म्हणू नका, समिती बसेल. फक्त मान वर करून जरा मोठ्याने म्हणा, की अरेरे, केवढी ही धूळ.