वैभवला कापून उरलेले बाबा

माझ्या लग्नाची डीव्हीडी मी कचऱ्यात टाकायला निघाले होते, ती आईने मधल्या मध्ये पकडली. घटस्फोटानंतर वैभवचे फोटो, त्याची चप्पल, त्याच्या आईने दिलेला कुकर, सगळं मी परळच्या घरातून बाहेर काढलं होतं. एवढी एकच पीडा उरली होती.

"रश्मे, मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय गो," आई म्हणाली. "चेहरा दिसतो. आवाज येत नाय."

बाबा गेले तेव्हा आमच्याकडे साधा फोन होता. त्यांचा आवाज असलाच तर याच डीव्हीडीत. आता काय करता! माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नाही, म्हणून ऑफिसातल्या प्राचीकडून ड्राइव्ह मागून आणला. डीव्हीडी लॅपटॉपवर उतरवताना मंगलाष्टकांपाशी अडकली, तिथे चरा होता. अडकू दे. तिथे ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

ठरवलं, बाबा ठेवायचे, वैभव कापायचा. पण व्हिडिओवाल्याने काय दिवे लावलेत बघा! सगळ्यांचा आवाज बंद करून वर गाणी चढवलेली. तेव्हा सगळेच तसं करायचे. बाबा केटररवर ओरडतायत, वर प्रेमगीत. बाबा वैभवच्या काकांना हात जोडतायत, वर प्रेमगीत. आई स्क्रीनला नाक लावून त्यांचे ओठ वाचत होती.

"'वरण संपलं' म्हणतायत बहुतेक," ती म्हणाली.

तो व्हिडिओवाला समोर असता तर मी त्याला सोलून काढलं असतं.

शेवटी पंगत आली. उखाण्यांना मात्र त्याने आवाज ठेवला होता. तिथे गाणं टाकलं असतं तर बायकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. मी नाव घेतलं, वैभवने घेतलं. बाबा जिलेबीचं ताट घेऊन त्याच्याच पानावर वाकले होते. तेवढ्यात नलूआत्या ओरडली, "सीताराम, आता तू घे! वहिनीचं नाव घे!"

आई हसली. "ते काय घेतायत! जन्मभर 'अगो'वर भागवलं."

"गप गो," स्क्रीनवर बाबा म्हणाले. मग जिलेबीकडे बघत, भरभर म्हणाले,

"भोंगा वाजला, गिरणी सुटली, चाळीत लागले दिवे,
शैला घरी असली की आणखी काय हवे!"

पंगत हसली. वैभवही हसला, तोंडात जिलेबी. लगेच गाणं सुरू.

आई हसत नव्हती.

"मी कुठे होते?"

"वरच्या खोलीत. रुखवत आवरत होतीस."

"मला कोणी सांगितलं कसं नाय?"

काय सांगणार? लोकांना ती गंमत वाटली, हात धुतले आणि विसरले.

मी तेवढाच तुकडा कापला. वैभवला काढायला गेले तर बाबांचा अर्धा खांदा जात होता.

"राहू दे मेल्याला," आई म्हणाली. "लाव पुन्हा."

मी लावलं. परत लावलं. मला रडू येत होतं आणि बाबांचा रागही येत होता. आईने पदराने तोंड पुसलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"अहो, मी वरच होते," ती स्क्रीनला म्हणाली. "एक हाक मारायची."