दहावर राहिलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव घेताना जीभ अडखळली तरी लाजू नका. आमच्या साहेबांचीही अडखळते, म्हणून ते मला सरळ 'तो म्हातारा डबा' म्हणतात. म्हणोत बापडे! डॉक्टर मनगट धरून तुमची नाडी बघतात ना, तशी मी विजेची नाडी बघतो. माझ्या पोटातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला सुईसारखा प्रोब असतो. तो तारेला टेकवला की माझ्या पडद्यावर हिरवी रेघ उमटते. वीज शांत असेल तर रेघ सरळ असते, बिघडलेली असेल तर रेघेवर लाटा उठतात. खोटं बोलायला मला कुणी शिकवलेलंच नाही. पण मी सांगितलेलं खरं नीट वाचायला समोर सावध माणूस लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांवर ओळीने बायका बसायच्या. माझ्या पोटातली एकेक तार त्यांनीच सोल्डर करून जोडली. जोडून झाल्यावर मला चालवून बघायला मात्र पलीकडच्या खोलीतून पुरुष यायचे. मला वाटायचं, असाच नियम असेल. मी नवा होतो, मला काय कळणार!

तिथून मी इथे आलो. इथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनतात. पेटी हॉस्पिटलला जाण्याआधी तिची तपासणी करायची, हे आमच्या टेस्टिंगच्या खोलीचं काम. खोली पहिल्या मजल्यावर आहे. एका बाजूला खिडकी, खिडकीखाली फाटक. दुसऱ्या बाजूला प्लायवूडची भिंत, आणि पलीकडे मीटिंगची खोली. भिंत इतकी पातळ की तिकडे कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं.

मी आलो त्याच वर्षी मॅडम नोकरीला लागल्या. तेव्हा त्या मॅडम नव्हत्या, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली किडकिडीत मुलगी होती. टेस्टिंगची रीत ठरलेली होती. बटणं मुलं फिरवणार, आणि आकडे ही लिहिणार. वर म्हणायचे, 'तुमचं अक्षर छान असतं ना!' असा राग यायचा मला! मुलं जेवायला खाली गेली की ही घाईघाईने चार घास गिळायची आणि माझ्यासमोर येऊन बसायची. एकेक बटण फिरवायची, चुकायची, पुन्हा फिरवायची. मीही जीव ओतून रेघा काढायचो. शिकवणारं तिला दुसरं कुणीच नव्हतं.

वर्षं गेली आणि ती टेस्टिंगची प्रमुख झाली. त्या काळात माझाही केवढा मान होता! पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग नवं यंत्र आलं, पातळ, रंगीत, दिमाखदार. मला कोपऱ्यात सरकवलं. कुणी माझ्या डोक्यावर छत्री ठेवली, कुणी जेवणाचा डबा. धूळ तर विचारू नका. फक्त मॅडम अधूनमधून येऊन पुसायच्या.

मग एक नवी मुलगी आली. खोलीत सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला शेंडेफळ म्हणू लागले. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्यावरचं फडकं काढलं आणि तिला म्हणाल्या, "बस इथे. आधी याच्यावर शीक. नवं यंत्र लाड करतं, हा नाही करत." ती बटणाशी झटत असताना मॅडम चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरून बाजूला बसायच्या. चहा संपला तरी कप सोडायच्या नाहीत, कारण हात मोकळा राहिला की तो बटणाकडे जातो. शेंडेफळ चिडायची, "मॅडम, सांगा ना!" मॅडम म्हणायच्या, "अगं, मी सांगितलं तर मला येईल. मला येतंच आहे!"

आता त्या दिवसाचं सांगतो.

नवं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून मला पुन्हा मधल्या टेबलावर मानाने बसवलं होतं. मी खूश होतो. हॉस्पिटलला त्याच दिवशी पेट्या हव्या होत्या आणि तिथले फोन सकाळपासून थांबत नव्हते. साहेब जिन्यावरून ओरडत होते. त्यात महिनाअखेर मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, हे त्याच दुपारी पलीकडच्या खोलीत ठरणार होतं. मॅडमनी साहेबांना बजावलं होतं, "माझ्या जागी शेंडेफळच." ते पद म्हणजे तिचं स्वप्न होतं.

माझ्या प्रोबवर नखाएवढी एक पट्टी आहे. ती एकवर असली की मी आहे तसं दाखवतो. दहावर सरकवली की दहापट लहान दाखवतो आणि बघणाऱ्याने मनात दहाने गुणायचं असतं. नव्या यंत्राला ही पट्टी आपोआप कळते. मला नाही कळत, माझ्यासमोरच्याने लक्षात ठेवायचं.

शेंडेफळने आधी पेटीतला विजेचा मोठा दाब मोजला. त्यासाठी पट्टी दहावर नेली, ते बरोबरच होतं. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "अगं, निळा ड्रेस घातलास ना? आणि बोलताना मान खाली घालू नकोस. मी शेजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"आई! अजून काही ठरलेलं नाही."

"ठरेल गं. मला माहीत आहे ना माझी लेक!"

हसत हसत तिने फोन ठेवला आणि प्रोब उचलून पेटीच्या कमी दाबाच्या वीजपुरवठ्याला लावला. तापमान सांभाळणारा भाग त्यावरच चालतो. पट्टी दहावरच होती. माझ्या पडद्यावर बारीकशी थरथर उमटली. "छान," ती म्हणाली, आणि पेटी पास केली. मग दुसरी, मग तिसरी.

मित्रांनो, ती थरथर नव्हती, मोठ्या लाटा होत्या. अशा विजेवर पेटीला बाळाची ऊब चुकीची कळते. ती वाजवीपेक्षा जास्त तापू शकते. मला सगळं दिसत होतं आणि ओरडायला तोंड नव्हतं. मी नुसता घुमत राहिलो. मॅडमना साहेबांनी खाली बोलावलं होतं. त्या धावत वर आल्या, शेंडेफळच्या कामावर विश्वासून सही केली आणि धावत परत गेल्या. पेट्या एकेक करून जिना उतरून गेल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

जेवणाची सुट्टी संपल्यावर शेंडेफळ माझी वायर गुंडाळायला आली. ते काम ती कधी दुसऱ्यावर टाकत नसे. गुंडाळता गुंडाळता तिचं बोट पट्टीला लागलं. ती थांबली, वाकून तिने बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"नाही, नाही, नाही..."

त्याच खेपेतली एक पेटी नमुना म्हणून खोलीत ठेवलेली होती. तिने पट्टी एकवर केली आणि प्रोब लावला. माझ्या पडद्यावर लाटा उसळल्या. तिने प्रोब काढला, पुन्हा लावला. लाटा तशाच होत्या.

मॅडम चहा घेऊन दारातून आत येत होत्या. पडद्याकडे एकदा बघितलं आणि त्यांनी कप टेबलावर ठेवून दिला. "आजच्या सगळ्या?"

"सगळ्या. पट्टी दहावर राहिली. मी गुणलंच नाही."

खाली ट्रकमध्ये पेट्या चढवल्याचा आवाज येत होता. मॅडमनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "हे बघ, घाबरू नकोस. सही माझी आहे. मी खाली जाऊन सांगते, माझ्या नजरेतून सुटलं. मला काय, महिनाअखेर घरीच बसायचंय. तुझी आज मुलाखत आहे."

"आणि त्यांनी मला विचारलं तर? काय सांगू?"

"सांग, मॅडमचं वय झालं."

"मी? तुमच्याबद्दल? जीभ झडेल माझी!"

"अगं, तुला कळत नाहीये!" मॅडमचा आवाज चढला. तसा तो मी कधी ऐकला नव्हता. "मुलगा चुकला तर म्हणतात, तो चुकला. आपल्यातली एक चुकली की म्हणतात, बायकांना जमत नाही. या भीतीने मी आयुष्यभर एकेक गोष्ट तीनतीनदा मोजत आले. माझी एक चूक या खोलीबाहेर जाऊ दिली नाही मी."

शेंडेफळ त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुमच्याही व्हायच्या?"

मॅडम वळून टेबलावरचा कप उगाच सरकवू लागल्या.

"मॅडम, व्हायच्या?"

"व्हायच्या."

"मला कधी सांगितल्या नाहीत!"

"कुणालाच नाही सांगितल्या."

"आणि मला वाटायचं, तुम्ही चुकतच नाही," शेंडेफळला रडू फुटलं. "तुमच्यासारखं आपल्याला कधी जमायचं, हाच धसका होता सकाळपासून. तुमची खुर्ची आपल्याला झेपेल का, दुसरं काही डोक्यातच नव्हतं."

खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं.

तिने डोळे पुसले नाहीत की काही नाही, तशीच धावत सुटली. खिडकीतून मला फाटक दिसतं. ट्रक वळण घेत होता. ती दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून काहीतरी खरपूस सुनावलं. ती हलली नाही. शेवटी त्याने वैतागून इंजिन बंद केलं, तेव्हा मॅडमनी खिडकीचा गज सोडला.

लगेच साहेब तणतणत वर आले. मागोमाग शेंडेफळ, घामाने डबडबलेली.

"गाडी कुणी थांबवली? हॉस्पिटलवाले माझं डोकं खातायत!"

मॅडमनी तोंड उघडलं. पण शेंडेफळ आधी बोलली. "मी थांबवली. सकाळी मोजणारी मीच होते आणि मी चुकले. बघा."

तिने प्रोब लावला. सुई पहिल्याच झटक्यात जागेवर बसली. साहेब माझ्या पडद्याकडे बघत राहिले. पट्टी दहावर नेऊन तिने तीच रेघ पुन्हा दाखवली. साहेब स्वतःही कधीकाळी टेस्टिंगमध्येच होते, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा!"

"डोळे मिटून ठेवा असं म्हणाले नव्हते मी," मॅडम हळूच म्हणाल्या. "मिटले मात्र मीच."

पेट्या परत वर आल्या. सगळ्यांत, सुट्या भागांच्या एकाच खोक्यातून आलेला, तोच खराब भाग बसवलेला निघाला. हॉस्पिटलला फोन करून साहेबांनी बोलणी खाल्ली. आणि मुलाखत? ती टळली नाही. शेंडेफळ त्याच चुरगळलेल्या निळ्या ड्रेसमध्ये पलीकडे गेली. मॅडम माझ्यासमोर बसून राहिल्या. त्यांचं बोट माझी पट्टी एकवरून दहावर आणि दहावरून एकवर नेत होतं. भिंतीपलीकडून प्रश्न ऐकू येत होते, तिची तुटक उत्तरं ऐकू येत होती. मग ती बाहेर पडली आणि दार लागण्याआधीच एक आवाज म्हणाला, "मी म्हटलंच होतं, बायकांना ताण झेपत नाही."

मॅडम उठल्या. त्यांना इतक्या झटकन उठताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पलीकडचं दार उघडलं आणि त्यांचा आवाज आला, "चुका मोजताय ना? मग माझ्याही ऐका. बसा, वेळ लागेल."

आणि मित्रांनो, त्यांनी एकेक चूक सांगितली. उलटी जोडलेली तार, जळलेलं मीटर, एकदा तर अगदी हीच पट्टी. ती तेव्हा वेळेत सापडली होती, एवढाच फरक. तिकडे कुणी शिंकलंसुद्धा नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे सगळं करून मी तुमची प्रमुख होते. मी लपवलं. तिने ट्रक अडवला. आता ठरवा काय ठरवायचं ते."

गोष्टीत असतं तसं लगेच काही झालं नाही. पद त्या वर्षी बाहेरून आणलेल्या माणसाला मिळालं. मॅडम निवृत्त झाल्या. शेंडेफळच्या आईला शेजाऱ्यांना तोंड देताना जड गेलं, आणि शेंडेफळही बरेच दिवस कुणाशी धड बोलली नाही. पण एक केलं साहेबांनी. दुसऱ्या दिवसापासून कुणाचंही मोजमाप, मग तो पुरुष असो की बाई, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं असं ठरलं. बाहेरून आलेला माणूस पुढच्या वर्षी दुसरी नोकरी धरून गेला, आणि मग ती जागा तिलाच मिळाली.

आता तिच्या हाताखाली दोन नव्या मुली आहेत. त्यांना पहिल्याच दिवशी तिने माझ्यासमोर बसवून ट्रकची सगळी हकिगत सांगितली. स्वतःची एकही गोष्ट गाळली नाही.

गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीने भरल्या खोलीत मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी चुकले वाटतं. कुणी बघता का?" कुणाच्या हातातलं काही पडलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. शेजारची मुलगी खुर्ची सरकवून आली आणि दोघी माझ्या रेघेवर वाकल्या. इतक्या वर्षांत या खोलीत असं वाक्य इतक्या सहजपणे म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, ती पुसायलाच हवी. पण मी आता थकलोय, माझी रेघ फिकी होत चालली आहे, आणि काही मागायचंच असेल तर एवढंच मागतो. असं वाक्य जिथे न घाबरता म्हणता येतं, ती खोली जपा.