अमरची तिसरी फेरी

आयक फक्त, मधात बोलू नको. मागच्या पोलीस भरतीत अमरनं माहे बूट लपवले, माही धाव हुकली. यंदा सोळाशे मीटरले तो बाजूलेच उभा. मी मुद्दाम शंभर मीटर सुसाट सुटलो. "या तांड्यावाल्या बंजाऱ्याच्या मांगं राहू का मी?" म्हणत तोही पेटला. मंग मी हळूच वेग कमी केला, तो तसाच पळत राह्यला.

भरतीची तयारी घेणारे सर सांगत, दम पुरत नसला का मांडीतली साखर अर्धवटच जळते, पाय भरून येतात. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय दगड झाले. मी जवळून गेलो तं म्हणे, "भाऊ, संग पळ ना, वर्दी जाते माही."

माह्याजवळ वेळ होता, त्याच्यासंग पळूनही मी पास झालो असतो. तरी मी पुढं निघून गेलो, तो नापास झाला. तू काय केलं असतं बे?