सासूबाईंचा एको

सासूबाईंचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सुनेनेच काढायचा, हा हट्ट खुद्द सासूबाईंचा. सून त्याच दवाखान्यात एको काढायचं काम करायची. "घरातलं माणूस असताना परक्यापुढे कशाला झोपू?" असं त्यांनी डॉक्टरांना ठणकावलं, तेव्हा डॉक्टरांनी सुनेकडे दयेने पाहिलं.

काम नाजूक होतं. सासूबाईंचं हृदय थकलं होतं, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. हृदयाच्या भिंती एकाच वेळी आवळायचं सोडून आपापल्या सवडीने आवळत होत्या. त्यांना वळणावर आणायला पेसमेकर बसवायचा होता. त्याची तार नेमकी कुठे टेकवायची, हे सुनेने चित्रात शोधून द्यायचं. सगळ्यात उशिरा हलणारी, पण जिवंत जागा हवी. मेलेल्या जागी तार बसली तर सगळाच खटाटोप पाण्यात, आणि दुसरा उपाय डॉक्टरांकडे नव्हता. चित्र स्पष्ट यायला सासूबाईंनी श्वास रोखून गप्प पडायला हवं होतं. घोडं इथेच पेंड खात होतं.

"श्वास रोखा, आई."

"रोखते. पण हे थंडगार काय फासतेस? जरा कोमट करता येत नाही?"

"आई, बोलू नका."

"बोलतेय कुठे? विचारतेय."

लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण सासूबाईंना गप्प बसा म्हणायची सुनेची टाप नव्हती. आज त्याचंच तिला फळ मिळत होतं. सहाव्या खेपेला तिने आवाज चढवला, जरा जास्तच चढवला, आणि सासूबाईंनी चक्क तोंड मिटलं.

मागची भिंत दिसली. उशीर तिथेच होता. पण तिचा खालचा तुकडा हलतच नव्हता. पातळ झालेला, पांढरट. सुनेने असे तुकडे शेकड्यांनी पाहिले होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याची ती खूण होती, आणि सासूबाईंना झटका आल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आई, छातीत कधी जोरात दुखलं होतं का?"

"छे. म्हणजे, एकदा. घाम फुटला, डावा हात जड झाला. पित्त असेल म्हटलं."

"कधी?"

"तुझी या मशीनची परीक्षा होती ना, त्या सकाळी. तुझी तान्ही लेक माझ्या मांडीवर होती. तू दारात चप्पल घालत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर गेली असतीस?"

सुनेला एकदम रडू फुटलं. छातीवर टेकवलेला प्रोब सरकला आणि चित्र पार विस्कटलं.

"रडायचं ते नंतर रड," सासूबाई म्हणाल्या. "आधी तुझी ती जागा शोध."

सुनेने बाहीला डोळे पुसले. प्रोब पुन्हा टेकवला. सासूबाई आपण होऊन श्वास रोखून पडल्या. पांढऱ्या तुकड्याच्या बोटभर वर एक जागा उशिरा का होईना, पण नीट हलत होती. सुनेने तिथे खूण केली.