कुत्रं नक्की कुठं चावलं?

आरोग्य कार्यालयातल्या कारकूनबाई अकरा वर्षं कुत्रं चावलेल्यांच्या नोंदी ठेवत होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी फर्मान काढलं, सगळ्या नोंदी नकाशावर हव्यात. बाईंच्या सुनेला 'आर' नावाची आकडेमोडीची संगणकभाषा येत होती. बाईंनी सासूपणा गुंडाळून ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर शिकवणी लावली.

"एकच अक्षर? बाकीची कुणी पळवली?"

"आई, आधी कंस बंद करा."

पहिला नकाशा उमटला, तर सगळे रुग्ण भर समुद्रात.

"अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय," सून म्हणाली.

"मला वाटलं, कुत्री पोहायला गेली असतील."

महिनाभर संगणकाला शिव्या घातल्यावर नकाशा झकास जमला. शहरभर फिकट ठिपके आणि मधोमध एक लालभडक डाग. नेमका कार्यालयावर!

साहेबांनी तो पाहिला आणि आधी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी कुत्री पकडणारे चौघे जाळ्या घेऊन दारात ठाण मांडून बसले. संध्याकाळपर्यंत हाती लागला एक म्हातारा कुत्रा, तोही आपणहून जाळ्यात येऊन झोपलेला.

बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. त्या डागात चारशे बारा चावे, आणि सगळे एकाच बिंदूवर? त्यांनी मूळ तक्ता उघडला आणि कपाळावर हात मारला. पत्ता भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसे, म्हणून रिकाम्या रकान्यात कार्यालयाचा पत्ता त्यांनीच ठोकून दिला होता.

"अहो बाई, मी वर कळवूनसुद्धा बसलो!" साहेब किंचाळले.

"मग मान खाली घालून पुन्हा कळवा," बाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

मग एकेकाला फोन सुरू झाले.

"कुत्रं कुठं चावलं होतं हो?"

"मांडीला."

"तसं नव्हे, जागा सांगा."

"सांगितली की! डावी मांडी, मागची बाजू."

तीन आठवड्यांत दोनशे साठ जागा कळल्या. उरलेल्या नोंदी बाईंनी गाळल्या आणि नकाशाखाली तसं स्पष्ट लिहिलं. आता डाग मासळीबाजारामागच्या बोळावर जाऊन बसला. चौघे तिकडे गेले, आणि तासाभरात त्यातला एक पोटरी धरून लंगडत परत आला.

बाईंनी त्याला इंजेक्शनला पाठवलं, पण दारातच अडवून विचारलं, "बोळाच्या ह्या टोकाला की त्या?"